अल्पाकाची लोकर

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वताच्या पठारांवर, सुमारे ४,००० मीटर उंचीवर अल्पाकांचे कळप चरत असतात. उंटाच्या कुळातील हा प्राणी लांब मानेच्या मेंढीसारखा दिसतो. तेथे शेती बेताचीच पिकते. म्हणून अनेक कुटुंबांचा निर्वाह अल्पाकांच्या लोकरीवर चालतो.

ही लोकर बहुधा वर्षातून एकदाच कातरतात. त्यासाठी योग्य वेळ साधावी लागते. पेरूमध्ये जून-जुलै हे कडाक्याच्या थंडीचे महिने असतात. त्या वेळी अंगावर लोकर नसेल, तर जनावर गारठून दगावण्याचे भय असते. म्हणून कातरणी नोव्हेंबरनंतरच्या उबदार दिवसांत करतात. थंडी येईपर्यंत नवी लोकर वाढलेली असते.

कातरलेल्या लोकरीतून प्रथम मऊ व राठ लोकर वेगळी करतात. मेंढीच्या लोकरीपेक्षा तिच्यात मेणचटपणा फार कमी असतो. त्यामुळे ती सहज धुतली जाते. मग स्त्रिया टकळीवर सूत काततात आणि दोन पदरांना एकत्र पीळ देतात. पांढरा, तपकिरी, काळा हे रंग लोकरीला जन्मतःच असतात. लाल रंग निवडुंगावरील कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळतो.

सुयांवरचे विणकाम येथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आले. पाठ, पुढचा भाग व बाह्या निरनिराळ्या विणून त्या जोडल्या, की स्वेटर तयार होतो.

जनावराची ऊब घ्यावी, पण त्याला थंडीत उघडे पाडू नये, हे भान राखले म्हणूनच दरवर्षी नवी लोकर मिळते.