साखरपुड्याआधी बोलायची गोष्ट

पनवेलमध्ये मुलगा-मुलगी नोकरीला लागली की घरात स्थळं यायला लागतात. पत्रिका, पगार, फ्लॅटचा हप्ता, सगळं विचारलं जातं. ‘मला शरीरसंबंधाची ओढच वाटत नाही’ हे सांगायला मात्र त्या बैठकीत जागा नसते.

असेक्शुअल म्हणजे कोण?

ज्यांना स्त्री किंवा पुरुष, कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा अगदी क्वचित वाटतं, ते असेक्शुअल. ब्रह्मचर्य हा ठरवून घेतलेला निर्णय असतो. इथे मुळात ओढच नसते. प्रेम, सोबत, संसार, मूल हवं असणारे असेक्शुअल लोकही असतात. संशोधक अँथनी बोगार्ट यांनी 2004 मध्ये 18 हजारांहून अधिक ब्रिटिश लोकांच्या माहितीवरून असेक्शुअल लोकांचं प्रमाण सुमारे 1 टक्का सांगितलं.

हा आजार आहे का?

नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदानपुस्तिकेनुसार स्वतःला असेक्शुअल म्हणवणाऱ्या व्यक्तीला कामेच्छेच्या विकाराचं निदान लावायचं नाही. आधी असलेली इच्छा अचानक ओसरली, तर मात्र डॉक्टरांना जरूर दाखवावं; नैराश्य, संप्रेरकं, एखादं औषध अशी कारणं असू शकतात.

कायदा काय म्हणतो?

खरी अडचण इथे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे संबंध आलाच नसेल, तर विवाह रद्द करता येतो. समर घोष खटल्यात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका तरुण जोडप्याचा विवाह ‘सापेक्ष नपुंसकत्वा’च्या, म्हणजे फक्त जोडीदाराशीच संबंध ठेवू न शकण्याच्या, आधारे रद्द केला. त्यातला तरुण असेक्शुअल होता असं यातून मुळीच निघत नाही. पण लैंगिक कलाची गोष्ट कोर्टात मांडायची वेळ आली, तर हातात शब्द उरतात ते असमर्थता आणि क्रूरता. त्या माणसावर आणि फसवणूक झाली असं वाटणाऱ्या जोडीदारावर, दोघांवरही हा अन्याय आहे असं मला वाटतं.

घरच्यांनी काय करावं?

‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ हे वाक्य कृपा करून टाळा. मुलं बोलली तर ऐकून घ्या आणि होणाऱ्या जोडीदाराला साखरपुड्याआधीच कळू द्या. समुपदेशक निवडताना एक तपासा: तो लैंगिक कल बदलून देण्याची हमी देतो का? अशा ‘उपचारां’ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.