हनुवटीखालचा चोर

इंग्लंडच्या नैऋत्येला बाथ नावाचं गाव आहे. रोमनांनी बांधलेल्या गरम पाण्याच्या हौदांसाठी ते प्रसिद्ध. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी साधारण दीड दशकापूर्वी वातबोगद्यात एक मुंडकं बसवलं. माणसाच्या डोक्याएवढं, कानाशी मायक्रोफोन, आणि वर दुकानात कोणालाही मिळेल असं हेल्मेट. मग पंखे सुरू केले. मोटरसायकलवाल्याच्या कानात वेगाबरोबर जे घोंघावतं, ते नेमकं कुठून येतं, एवढंच त्यांना हवं होतं.

प्रश्न किरकोळ नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात झालेल्या मोजमापांत दिसलं होतं की हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि त्यातला बराचसा वाऱ्याचा असतो. कानाचा हिशेब कडक आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतं. पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. ९४ला तासभर, १००ला जेमतेम पाव तास. शिवाय वाऱ्याचा आवाज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, उसळतो. शास्त्रज्ञ लाइटहिल यांनी १९५२ साली वाऱ्यातून ध्वनी कसा जन्मतो याचं गणित मांडलं. कर्ल यांनी तीन वर्षांनी त्यात पृष्ठभागाची भर घातली. त्यातून निघालं ते असं, की घन वस्तूवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घातानं वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात, म्हणजे सुमारे ६ डेसिबलची भर. कानाची मुदत चौपटीने घटली. सातारा रस्त्यावर वीस किलोमीटरची ती घाई कानाला बरीच महाग पडते.

‘हेल्मेट घातलं की काही ऐकू येत नाही’ ही पुण्यातली जुनी तक्रार. खरं तर हेल्मेटचं कवच बारीक, कर्कश आवाज बऱ्यापैकी अडवतं. वाऱ्याची खर्जातली घरघर त्याला जुमानत नाही. म्हणून हेल्मेट काढून ठेवावं असं नाही. उघड्या कानाला तोच वारा थेट झोंबतो. बाकीच्या मुद्द्यांवर पुणेकरांशी कोणी आणि किती वेळा वाद घालायचा?

बाथच्या चमूत जॉन केनेडी आणि मायकेल कार्ली हे ध्वनी आणि हवेच्या प्रवाहाचे अभ्यासक होते, आणि इयन वॉकर व नायजेल होल्ट हे मानसशास्त्रज्ञ. वॉकर हा भलताच वल्ली. त्याआधी २००६ साली त्याने सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून, कधी हेल्मेट घालून, कधी बोडक्याने, तर कधी बाईसारखा टोप चढवून, गाड्या किती जवळून घासून जातात ते मोजलं होतं. त्या भानगडीत त्याला एक बस आणि एक ट्रक येऊन धडकले होते. त्यामानाने वातबोगदा म्हणजे सुखाची नोकरी.

संशयित तीन होते. पहिला, हेल्मेटच्या मागचा वारा. गोल वस्तूमागे हवा सरळ जोडली जात नाही, भोवरे सुटत राहतात. डोकं मागे खेचल्यासारखं होतं ते त्यामुळेच. सगळ्यात जास्त संशय यावा असा हाच. दुसरा, हेल्मेटच्या पृष्ठभागावरून घासत जाणारा हवेचा पातळ थर. काचेच्या कडा, वाऱ्याची भोकं, नक्षीचे उंचवटे गुळगुळीत करत बसणाऱ्या कंपन्यांचा राग याच्यावर. तिसरा मात्र नजरेच्या टप्प्याबाहेर होता: हनुवटीच्या पट्टीखाली, गळा आणि हेल्मेट यांच्यामधली पोकळी.

मग सुरू झाली कंटाळवाणी, चिवट तपासणी. हेल्मेटभोवती वारा कुठे कसा वाहतो, पृष्ठभागावर दाब कसा थरथरतो आणि त्याच वेळी कानाशी काय पोहोचतं, या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या. मागच्या भोवऱ्यांचा तर अगदी बारकाईने, त्यांच्या कंपनांसकट नकाशा काढला. निष्कर्ष २०११ साली अमेरिकेच्या ध्वनिविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. मागचे भोवरे एवढे मोठे, पण कानातल्या आवाजात त्यांचा वाटा नगण्य. पृष्ठभागावरचा थर, तोही नगण्य. मुख्य गुन्हेगार निघाली हनुवटीखालची पोकळी.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की बाटली बोलू लागते, काहीसं तसंच. पट्टीच्या कडेवरून सुटलेली हवा पोकळीच्या तोंडाशी गुंडाळत जाते, आणि तिथून कानापर्यंत मधे कवचाची भिंतच नसते. वाऱ्याच्या वेगाबरोबरच हेल्मेटच्या कलाचाही परिणाम मोठा आहे, हेही त्यांना दिसलं. स्पीडोमीटरकडे पाहायला मान जरा खाली घातली की आवाजाची जातच बदलते, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याला आता कारण मिळालं. पट्टीखाली लावायचा कापडी पडदा किंवा गळ्याशी घट्ट गुंडाळलेला रुमाल का उपयोगी पडतो, तेही कळलं. अर्थात बोगद्यात तपासलेलं हेल्मेट एक होतं, आणि त्याच्यापुढे गाडी नव्हती.

गाडी आली की विंडस्क्रीन आली, आणि दणके आले. काचेच्या वरच्या कडेवरून हवा सुटते आणि लाटेसारखी गुंडाळत मागे येते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. काच ४० सेंटिमीटर रुंद धरली, तर भोवऱ्यांच्या नेहमीच्या सूत्राने सेकंदाला साधारण चौदा धक्के. हे कानाला ऐकू येत नाहीत. मानेला, डोळ्यांना कळतात, समोरचा रस्ता हलतो. आखूड काच ते छातीवर आणून सोडते आणि डोकं स्वच्छ वाऱ्यात राहतं. पुरेशी उंच काच डोक्यावरून पलीकडे टाकते. मधल्या उंचीची काच, म्हणजे दुकानात हौसेने लावून घेतली जाते ती, नेमकी हनुवटीशी आणून आपटते. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर पायदानांवर उभं राहून पाहावं: डोकं वर गेल्याबरोबर दणके थांबले, तर दोष हेल्मेटचा नाही, काचेचा. काचेमागे दाब कमी झालेला असतो, म्हणून काच नि टाकीच्या मधून थोडी हवा वर येऊ दिली, खाली फट ठेवली, तर वरची लाट बरीच सौम्य होते. वारा सगळा अडवायला गेलं की तो वरून उतरून मारतो.

बोगद्यातलं सत्य रस्त्यावर टिकतं का, हा प्रश्न उरलाच होता. तीच मंडळी मायक्रोफोन घेऊन ट्रॅकवर गेली. गणिती गाळणीतून त्यांनी बोगद्याच्या पंख्याचा आवाज एकीकडे काढला आणि गाडीच्या इंजिनाचा दुसरीकडे. २०१३च्या लेखात त्यांनी सांगितलं, की उरलेला वाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच आहे. बोगदा खोटं बोलत नव्हता. पण गाळून काढलेलं इंजिनही काही अगदीच साव निघालं नाही. त्याचा वाटा वेगाप्रमाणे बदलतो, आणि तोवर सगळे समजत होते त्याहून तो जास्त होता. कानात फोमचे बोळे घालणाऱ्याला या भांडणाशी देणंघेणं नाही. नीट बसले तर ते दोघांचाही आवाज वीस-पंचवीस डेसिबलने खाली आणतात, आणि हेल्मेट चढवण्याआधी घालायला अर्धा मिनिट लागतो.