सफ एक, बिरादऱ्या अनेक

मगरिबची अजान झाली की शहरातले हजारो लोक एकाच क्षणी खजूर तोंडात घालतात. त्यात पेढीवरचा व्यापारी असतो, बाजार समितीतला हमाल असतो, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असते. रात्री तरावीहच्या नमाजला मशिदीत माणसं खांद्याला खांदा लावून सफेत, म्हणजे रांगेत उभी राहतात. आधी आला तो पुढे, उशिरा आला तो मागे. हुद्दा कुणी विचारत नाही.

समाजशास्त्रज्ञ अशा वेळी श्रद्धा खरी की खोटी हे विचारत नाही. ती माणसांकडून काय करून घेते, एवढंच तो पाहतो. फ्रान्सचे एमिल दुर्खीम रब्बींच्या घराण्यातले, पण स्वतः धार्मिक नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवर, तिथे कधीही न जाता, त्यांनी १९१२ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, माणसं एकत्र जमून एकच कृती करतात तेव्हा त्यांना आपल्याहून मोठ्या कशाचा तरी अनुभव येतो आणि त्यातूनच समाज घट्ट होतो. महिनाभर एका वेळी उपास आणि एका वेळी घास, याचा अर्थ लावायला हे उत्तर बऱ्यापैकी पुरतं.

त्यांच्याही पाच शतकं आधी ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून (१३३२-१४०६) यांनी ‘मुकद्दिमा’त ‘असबिय्या’ची, म्हणजे समूहातल्या आपलेपणाची, मांडणी केली. धर्म आपसातली चढाओढ कमी करतो हे त्यांना मान्य होतं. पण आपलेपणाचा आधार नसेल तर धर्माची हाकही टिकत नाही, असं ते बजावतात. न्यायाधीशाची आणि दरबाराची नोकरी केलेला हा माणूस. त्याला माणसं पक्की ठाऊक होती.

पण ज्या दोरीनं माणसं बांधली जातात, तिलाही गाठी असतात. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा विठ्ठलाच्या नामात न्हाऊन निघालेली माणसं त्यांनी पाहिली. तरीही एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती निराळ्या होत, आणि ते त्यांना शेवटपर्यंत खटकत राहिलं.

मुस्लिम समाजाचं चित्र फार वेगळं नाही. १९७३ साली समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांमधल्या जातीसदृश उतरंडीवरचे अभ्यास एका पुस्तकात एकत्र आणले. ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे वाक्य धर्म म्हणून बरोबर आहे. समाजाचं वर्णन म्हणून ते अपुरं पडतं. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, मण्यार, पिंजारी ही नावं महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना ठाऊक आहेत. इफ्तारला हे सगळे एका दस्तरखानावर बसतात, त्यात अवघडलेपण जराही नसतं. सोयरीक जुळवायची वेळ आली की मात्र चौकशी पुष्कळदा बिरादरीपासून सुरू होते. हे उघड बोलायला अनेकांना आवडत नाही, विशेषतः रमजानमध्ये.

न बोलण्याची किंमत गरिबाला मोजावी लागते. यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण पूर्वी कित्येक मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतंच ‘मुसलमान’ लिहिलं गेलं. कुठे मास्तरांनी तेवढंच विचारलं, कुठे बापानं अभिमानानं तेवढंच सांगितलं. आज नातवाला जातीचा दाखला हवा असतो तेव्हा आजोबांच्या काळातला एखादा कागद शोधत घरच्यांना जुन्या शाळेत आणि तहसील कचेरीत चकरा माराव्या लागतात. सफेत जी ओळख बाजूला ठेवायची, तीच खिडकीपाशी सिद्ध करायची. आणि तोवर प्रवेशाची मुदत संपत आलेली असते.