संगणकाचा सार्वजनिक पाणवठा

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीबरोबर ज्ञानोपयोगी असा एखादा लेख असावा, हा आपल्याकडचा जुना प्रघात आहे. तो पाळताना आम्ही थोडा अपरिचित विषय निवडला आहे. आपल्या मुलामुलींचा संगणकाशी आता नित्याचा संबंध येतो. परंतु संगणक वापरणे आणि संगणकासाठी काही नवे घडविणे यांत मोठे अंतर आहे. ते ओलांडण्यासाठी लागणाऱ्या एका विनामूल्य साधनाची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

वारणा परिसराला संगणक नवा नाही. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने १९९८ साली येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा तो संकल्प होता. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेने यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशाद्वारे हीच माहिती देण्याचा प्रयोग केला. दोन्ही वेळी गावकऱ्याला दिसला तो पडदा किंवा संदेश. त्यामागे कोणी तरी लिहिलेला प्रोग्रॅम होता, आणि तो प्रोग्रॅम संगणकाच्या कार्यप्रणालीशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशी, बोलत होता.

हे बोलणे कसे चालते? साखर कारखान्याच्या कचेरीचे उदाहरण घेऊ. शेतकरी थेट आतल्या दप्तराला हात लावत नाही. ठरलेल्या खिडकीवर जाऊन, ठरलेल्या नमुन्यातील अर्ज भरून तो आपले काम सांगतो. कार्यप्रणालीचेही तसेच आहे. पडद्यावर अक्षर उमटविणे, फाइल उघडणे, छपाई करणे ही कामे प्रोग्रॅम स्वतः करीत नाही. तो ती कार्यप्रणालीकडून करून घेतो. अशा विनंत्यांच्या ठरावीक संचाला ‘एपीआय’ म्हणतात.

प्रत्येक विनंतीचे नाव काय, तिच्यासोबत कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यायची आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, याची लेखी यादी म्हणजे ‘हेडर फाइल’. ती जणू कोऱ्या अर्जांचा गठ्ठा. कोणते काम कोणत्या खिडकीवर होते, हे सांगणारी दुसरी वस्तू म्हणजे ‘इम्पोर्ट लायब्ररी’. विंडोजमध्ये पडद्यावर छोटी सूचना दाखविणारी ‘मेसेजबॉक्स’ नावाची विनंती आहे. तिला चार गोष्टी द्याव्या लागतात : सूचना कोणत्या चौकटीची, मजकूर, शीर्षक आणि बटणांचा प्रकार. हा तपशील हेडरमध्ये असतो. आणि हे काम ‘यूजर ३२’ नावाच्या भागात होते, हे लायब्ररी सांगते. ही दोन साधने नसतील तर उत्तम प्रोग्रॅम लिहिणाराही दारातच थांबतो.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. मायक्रोसॉफ्टच्या हेडर फाइलींवर त्या कंपनीचा स्वामित्वहक्क होता आणि प्रोग्रॅम घडविण्याची तिची साधने त्या काळी विकत घ्यावी लागत. दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली ‘जीसीसी’ हा मुक्त कंपायलर जगाला दिला होता. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन. पण विंडोजची यादी हाती नसल्याने त्या साधनाला विंडोजची भाषा बोलता येत नव्हती. ती यादी कोणी तरी नव्याने लिहिणे आवश्यक होते.

स्कॉट क्रिस्टली यांनी असे हेडर प्रथम लिहिले. कॉलिन पीटर्स यांनी १९९८ साली ‘मिनजीडब्ल्यू’ हा संच प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ सुरू झाले त्याच वर्षी. अँडर्स नॉरलँडर यांनी ‘डब्ल्यू ३२ एपीआय’ या नावाने हेडर आणि लायब्ररींचा संच तयार केला. या संचावर कोणताही हक्क न सांगता तो सार्वजनिक मालकीत सोडून देण्यात आला. पाणवठा सार्वजनिक असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. येथे पाणी भरण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

हे काम केवळ नावे उतरविण्याचे नव्हते. मूळ फाइलींची नक्कल न करता, प्रसिद्ध माहितीच्या आधारे प्रत्येक विनंतीचा अचूक नमुना लिहावा लागे. एका रकान्याची लांबी चुकली तरी प्रोग्रॅम तयार होई, पण चालताना कोसळे. पुढे ६४ बिटांची विंडोज आली. तिच्यात स्मृतीतील पत्ता दाखविणारा आकडा चार बाइटांऐवजी आठ बाइटांचा झाला. ‘लाँग’ नावाची संख्या मात्र चारच बाइटांची राहिली. दोन्ही एकच मानून लिहिलेले सारे नमुने तपासावे लागले. त्या गरजेतून २००५ साली वनव्हिजन सॉफ्टवेअर या कंपनीने ‘मिनजीडब्ल्यू डब्ल्यू ६४’ हा संच नव्याने सुरू केला, आणि २००८ मध्ये तो काई टिएट्झ यांच्याकडे सुपूर्द केला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विंडोजमधील मजकूर हाताळणाऱ्या अनेक विनंत्या ‘ए’ आणि ‘डब्ल्यू’ अशा दोन रूपांत असतात. पहिले रूप जुन्या, मर्यादित अक्षरसंचांसाठी, दुसरे युनिकोडसाठी. १९९१ च्या पहिल्या युनिकोड आवृत्तीतच देवनागरी होती, आणि विंडोज २००० पासून तिला त्या प्रणालीत आधार मिळाला. विंडोजच्या जुन्या अक्षरसंचांत मात्र देवनागरीला जागाच नव्हती. एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत, हा अनुभव अनेक माजी विद्यार्थ्यांना असेल. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविणारे फाँट हे त्याचे कारण. म्हणून मराठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘डब्ल्यू’ रूपांची यादी हवी. मुक्त हेडरमध्ये दोन्ही रूपे आहेत.

आज मायक्रोसॉफ्टही विद्यार्थ्यांना आपली साधने विनामूल्य देते, हे नमूद केले पाहिजे. तरी ती कंपनीने ठरविलेल्या अटींवर मिळतात. मुक्त संचाचे वेगळेपण असे की, तो लिनक्स संगणकावरही चालतो; त्यामुळे विंडोज विकत न घेता विंडोजसाठी प्रोग्रॅम घडविता येतो. चित्रफिती दाखविणारा ‘व्हीएलसी’ हा प्रोग्रॅम विंडोजसाठी याच संचाच्या साहाय्याने बांधला जातो.

आपल्या वसतिशाळेत येणारी बहुतेक मुले अशा घरांतील असतात, जेथे पुस्तकाचाही खर्च मोजून करावा लागतो. त्यांच्यापैकी एखादीला गावच्या दूधसंकलनाचा किंवा उसाच्या नोंदीचा मराठी प्रोग्रॅम लिहावासा वाटला, तर जुना संगणक आणि एकदा उतरवून घेतलेला हा संच एवढे भांडवल तिला पुरते. उणीव आहे ती शिकविणाऱ्याची आणि मराठीतील सोप्या माहितीची. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीतील दोन दिवस येथे यावे, मुलांकडून मराठी सूचना दाखविणारा पहिला प्रोग्रॅम लिहून घ्यावा, आणि तो कसा लिहिला याचे टिपण मराठीत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे, अशी आमची विनंती आहे. पालकांनीही संगणकापुढे बसलेल्या मुलाला ‘काय पाहतोस?’ याबरोबरच ‘काय लिहितोस?’ असे अवश्य विचारावे.