शिसे पाण्यात विरघळते काय?

शिशावर पाण्याचा परिणाम होत नाही, असे प्रयोगवहीत लिहून आपण गुण मिळवितो. पाणी कोणते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

शिशाचा तुकडा चाकूने खरवडून चकचकीत करा. ऊर्ध्वपातित पाणी उकळून, निववून बाटलीत काठोकाठ भरा आणि तुकडा टाकून बूच लावा. तो तसाच चकचकीत राहील. तेच पाणी उघड्या चंचुपात्रात ठेवले, तर एकदोन दिवसांत पांढरट गढूळ होते. हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो, शिशाचे ऑक्साइड होते, पाण्यामुळे त्याचे हायड्रॉक्साइड बनते आणि ते थोडे का होईना विरघळते. कार्बन डायऑक्साइड मिळाला की कार्बोनेटचा पांढरा साका दिसतो. म्हणजे पाण्यावर आळ येतो, पण खरा चोर प्राणवायू! (हे पाणी मोरीत ओतू नये, प्रयोगशाळा साहाय्यकाच्या स्वाधीन करावे.)

याउलट विहिरीच्या दुष्फेन पाण्यात, ज्यात डाळ शिजता शिजत नाही त्यात, बायकार्बोनेट व सल्फेट असतात. त्यांच्यामुळे शिशावर अद्राव्य क्षारांचे पुट चढते व आतला धातू झाकला जातो. साबणाला वाईट तेच पाणी नळाला चांगले, आणि पावसाचे निर्मळ पाणी नळाला वाईट! शिशाच्या नळांपेक्षा मातीचे नळ बरे, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला. ऐकतो कोण? शिशाचे लॅटिन नाव 'प्लंबम' आपल्या प्लंबरला चिकटले ते चिकटलेच.

या पुटाची किंमत अमेरिकेतील फ्लिंट शहराला कळली. एप्रिल २०१४ पर्यंत तेथे डेट्रॉइटहून ह्यूरॉन सरोवराचे पाणी येई; त्यात नळांच्या रक्षणासाठी फॉस्फेट मिसळलेले असे. खर्च वाचविण्यासाठी नदीचे पाणी सुरू केले. त्यात क्लोराइड अधिक, आणि फॉस्फेट घातलेच नाही. जुन्या नळांतील पुट सुटू लागले व शिसे घरोघरी पोचले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथील मोटार-इंजिनांच्या कारखान्याने यंत्रभाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केले. मुले मात्र आणखी वर्षभर तेच पीत राहिली. लोखंडाची दखल आधी घेतली गेली, हे मनाला लागते. शिशाने मुलांच्या मेंदूची होणारी हानी भरून येत नाही.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पितळी तोटीतही थोडे शिसे असू शकते, म्हणून रात्रभर तुंबलेले पहिले पाणी झाडांना घालावे. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असली, तर चिंचेच्या आमटीत ते पाण्याहून लवकर उतरते. आणि पाणी उकळून शिसे जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते.