सोने शोधणारे यंत्र आणि जालन्याची काळी माती

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जिल्ह्यात लहान मुलालाही माहीत असते. ती इथल्या व्यापाराची आहे. कापूस, धान्य, सराफी, पुढे बियाणे आणि सळया यांवर जे शहर वाढले, त्याच्या बरकतीची. पण म्हणीचा शब्दशः अर्थ घेणारेही असतात. रब्बीची पिके निघाली, रान मोकळे झाले की कुठे तरी एखादा जुना वाडा, पडकी गढी किंवा माळावरचा ओटा रात्री उकरलेला सापडतो. पूर्वी अशा ठिकाणी लिंबू, कुंकू आणि नारळ दिसायचे. आता त्यांच्या जोडीला मेटल डिटेक्टर आला आहे. ऑनलाइन मागवला की चार दिवसांत घरपोच. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत त्यांच्या किमती आहेत, आणि जाहिरातीतले सोने नेहमीच पिवळेधमक असते.

यंत्र घेण्याआधी पायाखाली काय आहे ते पाहायला हवे. संपूर्ण जालना जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि हा काळा कातळ तयार झाला. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. सोने लागते ते कितीतरी जुन्या खडकांत. कर्नाटकातील कोलार आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टी ही त्याची ठिकाणे. गंमत अशी की रायचूर आणि जालना दोन्ही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते. राज्य एक, पण खालचा खडक वेगळा. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आढळल्या त्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या प्राचीन खडकांत. अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवेवरून वाहणारी गोदावरीही इथवर बेसाल्टच झिजवत येते. म्हणजे जालन्याच्या शेतात निसर्गाने ठेवलेले सोने सापडण्याची शक्यता जवळपास शून्य. सापडलेच तर ते माणसाने पुरलेले किंवा माणसाच्या हातून हरवलेले.

हरवलेले मात्र पुष्कळ असते. खुरपताना तुटलेली मंगळसूत्राची वाटी, कापूस वेचताना पडलेले कानातले, विहिरीवर निसटलेली अंगठी. यंत्राचा सर्वांत सरळ उपयोग इथेच आहे.

यंत्राचे काम समजायला अवघड नाही. टोकाच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात सूक्ष्म भोवरे-प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र बनते आणि यंत्र ते ‘ऐकते’. सोन्याला स्वतःचा असा खास आवाज नसतो. लोखंड बऱ्यापैकी वेगळे काढता येते; पण सोन्याची बारीक वस्तू आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी यंत्राला अनेकदा सारखीच भासते. त्यात बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज भरपूर असल्याने इथली जमीन स्वतःच कुरकुर करीत राहते. म्हणून या भागासाठी यंत्र घ्यायचे तर जमिनीचा हा गोंगाट हाताने जुळवून वजा करण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. लहान दागिन्यासाठी उच्च वारंवारतेचे यंत्र आणि लहान तबकडी बरी. खोलीचे म्हणाल तर रुपयाएवढे नाणे वीतभर, फार तर फूटभर. मोठी घागर असेल आणि तबकडीही मोठी असेल तर मीटरभर किंवा थोडे अधिक. त्यापलीकडचे दावे ऐकून घ्यावेत आणि पैसे खिशातच ठेवावेत.

यंत्र तेच सांगते जे त्याच्याखाली असते, जे आपल्याला हवे असते ते नव्हे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध अजून चौदा वर्षे दूर होता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईने एक धातुशोधक तयार केला आणि तो अध्यक्षांच्या अंगावरून फिरवला. गोळी सापडली नाही. अध्यक्ष झोपले होते त्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी तर डावीकडे होती. तोवर अनेक डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घालून झाली होती. जंतुसंसर्ग बळावत गेला आणि १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. जालना तर लोखंडाचेच शहर. भंगार वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात यंत्र फिरवले तर दर पावलाला खिळा, तार आणि पत्रा बोलतो.

एवढ्याने समाधान न झालेल्यांसाठी बाजारात दुसरा प्रकार आहे: ‘लाँग रेंज लोकेटर’. मुठीत धरायचा दांडा, पुढे फिरणारी अँटेना, आणि वीस-तीस मीटर खोलवरचे किंवा किलोमीटरभर अंतरावरचे सोने दाखवण्याची हमी. याच जातीचे एडीई ६५१ नावाचे उपकरण ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिक याने बॉम्बशोधक म्हणून इराकला विकले. मूळ कल्पना गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून उचललेली होती. आत कामाचे काहीही नव्हते. तपासणी नाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या जात होत्या. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मग दांडा फिरतो कसा? मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू नकळत बारीक हालचाल करतात आणि सैल धरलेली वस्तू ती हालचाल मोठी करून दाखवते. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच याचे वर्णन केले होते. पाणाड्याच्या हातातली काडी अशीच वळते. धरणारा लबाड असतोच असे नाही. त्याला स्वतःलाही ते खरे वाटते. फसवणूक विकणाऱ्याकडून सुरू होते.

आपल्याकडे याहून जुने एक ‘यंत्र’ आहे, आणि ते माणसाचे मूल आहे. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत तीन-चार मुले डोके वर ठेवून पोटात बसलेली असतात. त्यांतल्या काहींचे पाय आधी येतात. गर्भाशयाचा आकार, वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण, आधीची बाळंतपणे अशी याची कारणे असतात. दृष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. अंजनात मात्र कधी कधी शिसे असते, आणि ते मुलाच्या मेंदूला इजा करू शकते. समजूत एवढ्यावर थांबली असती तरी बरे होते. १९७२ ते १९७४ या काळात शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे बालिका आणि स्त्रियांचे खून झाले, आणि त्या खटल्यात गुप्तधनाची हाव समोर आली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले ते डॉ. नरेंद्र दाभोलकरही वैद्यकाचेच पदवीधर. मध्यरात्री घरातल्या पायाळू मुलाला किंवा मुलीला ‘जरा पाठवा’ असा निरोप आला, तर पोलिसांना कळवणे हाच त्यावरचा उपाय.

यंत्राने ‘बीप’ केले की खणणे सुरू होते, आणि इथून पुढे विषय रुग्णालयाचा होतो. पडक्या वाड्यांखाली आणि गावठाणात जुनी पेवे असतात. ज्वारी साठवायचे हे जमिनीतले रांजण वर्षानुवर्षे बंद असतात. आत राहिलेले धान्य, बुरशी आणि कुजलेला पाला प्राणवायू संपवतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी बसतो, त्याला वास नसतो. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो दहाच्या खाली गेला तर माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. मग भाऊ उतरतो, मग शेजारी. बंद जागेतल्या अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच पुष्कळदा दगावतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे, कारण ज्योत तेवत असली तरी इतर विषारी वायू नाहीत असे सिद्ध होत नाही. आत कोणी पडला असेल तर स्वतः उतरू नये. वरून जमेल तेवढी हवा खेळती करावी, १०८ आणि अग्निशमन दलाला बोलवावे. काळ्या मातीचा खड्डाही भरवशाचा नसतो. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांनी कड सुटलेली असते, आणि छातीपर्यंत माती आली तरी श्वास थांबतो.

गंजक्या पत्र्याने कापले तर भीती गंजाची नसून मातीतल्या धनुर्वाताच्या बीजाणूंची. दहा वर्षांत टीडीची मात्रा झाली नसेल तर खुरपे हातात घेण्याआधीच ती घ्यावी. दगडांच्या राशीत घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग राहतात. पेसमेकर बसवलेल्याने यंत्र फिरवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारावे आणि चालू तबकडी छातीजवळ आणू नये. दोन किलोपर्यंत वजनाचे यंत्र दिवसभर डावी-उजवीकडे हलवणाऱ्याचा खांदा पन्नाशीनंतर महिनाभर बोलतो, ते वेगळेच.

कायदा थोडक्यात असा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दडवले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रामाणिकपणे कळवले आणि कोणी मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला वाटा मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. संरक्षित स्मारके आणि पुरातत्त्व स्थळांवर परवान्याशिवाय उत्खनन करणे गुन्हा आहे. जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत या गावचे दाते भेटतात. १९७३ मध्ये तिथे रीतसर उत्खनन झाले आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पॉम्पेई इथे सापडलेल्या प्रसिद्ध मूर्तीशी तिचे साम्य आहे. हस्तिदंतावर कोणताही डिटेक्टर वाजत नाही. नाण्याच्या आशेने रात्री पहार चालवणाऱ्याच्या हातून तिचे तुकडेच झाले असते.

ज्याला खरोखरच निसर्गातले सोने शोधायचे आहे त्याने ते जिथे आहे तिथे जावे. अनेक मराठी घरांतली मुले मेलबर्नला स्थायिक आहेत, आणि आईवडील सहा महिने तिकडे राहून येतात. व्हिक्टोरिया राज्यातील बॅलारट-बेंडिगोच्या पट्ट्यात अल्प शुल्कात ‘मायनर्स राइट’ हा परवाना मिळतो, त्यावर ठरावीक जमिनीत हौशी माणसाला शोध घेता येतो. २०२३ मध्ये याच भागात एकाला तुलनेने साध्या यंत्राने ४.६ किलोचा दगड मिळाला, त्यात २.६ किलो सोने होते. अशी बातमी एकाची होते. रिकाम्या हाताने परतणाऱ्या हजारोंची होत नाही.

यंत्र इथून न्यायचे तर सुटे करून, तबकडी कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात द्यावे. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. वापरलेल्या यंत्रावर आणि बुटांवर मातीचा कण राहू देऊ नये. ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत आणि सामान जाहीर करावेच लागते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. तिकडे साप चावला तर पूर्ण हातापायाला दाबपट्टी घट्ट गुंडाळून तो हलू न देणे हा प्रथमोपचार आहे, कारण तिथले विषारी साप नागाच्या कुळातले. आपल्याकडे घोणस-फुरशाच्या विषाने दंशाच्या जागचे मांस सडते, तिथे आवळून बांधल्याने नुकसान वाढते. हातपाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठायचे. तिकडची रीत इकडे आणू नये, इकडची तिकडे नेऊ नये.

यंत्राशिवाय मातीतून सोने काढणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सराफ्यातली धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून धुणारे झारेकरी. त्यांच्या हाती जे लागते ते खरेच सोने असते. पण बारीक कण गोळा करायला पारा वापरतात आणि मग तो तापवून उडवतात, तेव्हा त्याची वाफ फुप्फुसातून थेट रक्तात जाते. हात थरथरणे, हिरड्या सुजणे, चिडचिड, झोप उडणे, पुढे मूत्रपिंडाचा विकार. घरातल्या चुलीवर हे काम होते तेव्हा सर्वांत जास्त झळ रांगत्या बाळाला आणि गर्भातल्या मुलाला बसते. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. ज्यांचे हात कापतात त्यांना डॉक्टरांनी कामाबद्दल विचारले पाहिजे. ‘म्हातारपण’ म्हणून गोळी लिहून देण्याआधी.

डिटेक्टरचा एक उपयोग मात्र दवाखान्यातही होतो. मुलाने नाणे गिळले असेल तर हातात धरायच्या साध्या डिटेक्टरने ते अन्ननलिकेच्या पट्ट्यात आहे की जठराच्या खाली उतरले, याचा चांगला अंदाज येतो, आणि क्ष-किरणांत नीट न दिसणारा ॲल्युमिनियमचा तुकडाही कळतो. पण नाणे आणि बटनासारखी चपटी बॅटरी यांत यंत्र फरक करू शकत नाही. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत भाजायला सुरुवात करते. म्हणून काय गिळले याची खात्री नसेल तर घरी यंत्र फिरवत बसू नये. मुलाला घेऊन तडक क्ष-किरणांची सोय असलेले रुग्णालय गाठावे.