खेळातील चित्रे आणि कारखान्यातील दोष

कारखान्यात तयार झालेला माल बाजारात जाण्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी, हा दंडक जुनाच आहे. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली आणि व्यास, वजन, लांबी अशा मोजता येणाऱ्या गुणांवर संख्याशास्त्राच्या आधारे लक्ष ठेवणे शक्य झाले. परंतु ओरखडा, तडा, पोचा किंवा रंगाचा डाग मोजपट्टीत सापडत नाही. तो दिसावा लागतो. पाहणारा डोळा तर पाळी संपता संपता थकलेला असतो. म्हणून हे पाहण्याचे काम संगणकावर सोपविले जात आहे; आणि ह्या कामी मोठे साह्य झाले ते, आश्चर्य वाटेल, व्हिडिओ गेमचे.

अडचण कोठे आहे ते प्रथम पाहू. समजा, १०,००० बेअरिंगांत १० सदोष आहेत. ‘सर्व माल उत्तम’ असे डोळे मिटून सांगणारे यंत्रही शेकडा ९९.९ वेळा बरोबर ठरेल! मात्र त्याने एकही दोष पकडलेला नसेल, आणि त्या दहांतील एखादे बेअरिंग कोणाच्या तरी गाडीच्या चाकात जाऊन बसेल. आजची यंत्रे उदाहरणांवरून शिकतात. त्यांना सदोष वस्तूंची पुष्कळ चित्रे हवीत. पण कारखाना जितका चांगला, तितके असे नमुने दुर्मिळ.

खेळांच्या क्षेत्राने पुरविलेली पहिली गोष्ट म्हणजे गणनशक्ती. खेळातील दृश्ये झपाट्याने रंगविण्यासाठी बनविलेल्या ग्राफिक्स कार्डांपैकी केवळ दोहोंवर टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली चित्रे ओळखणारी ‘अ‍ॅलेक्सनेट’ ही प्रणाली पाच-सहा दिवसांत शिकवून तयार केली. दुसरी गोष्ट प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाची वाटते. छायाचित्रातील कोणता बिंदू कोणत्या वस्तूचा, हे माणसाला रेखाटून दाखवावे लागते; खेळातील चित्र संगणकानेच घडविलेले असल्यामुळे ते कशाकशाचे बनले आहे, ह्याचा माग त्याच्यापाशीच मिळतो. २०१६ साली डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठ व इंटेल येथील संशोधकांनी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ ह्या खेळातील सुमारे २५,००० दृश्यांवर अशा खुणा ४९ तासांत पूर्ण केल्या. खऱ्या रस्त्यांच्या ‘सिटीस्केप्स’ ह्या संग्रहात एकेका चित्राला सरासरी दीड तासाहून अधिक वेळ लागला होता.

हीच युक्ती कारखान्यात वापरता येते. वस्तूचा त्रिमितीय आराखडा बहुधा हाताशी असतोच. संगणकात त्यावर हवा तेथे ओरखडा काढावा, दिव्याची दिशा बदलावी आणि हजारो चित्रे घडवावीत. दोष नेमका कोठे, हे प्रत्येक चित्राबाबत आधीच ठाऊक! परंतु खऱ्या धातूवर तेलाचा ओशटपणा असतो, धूळ असते, झळाळी असते. स्वच्छ, काल्पनिक चित्रांवरच वाढलेले यंत्र तेलाच्या ओघळाला तडा समजू शकते. ह्यावर एक उपाय असा की, प्रकाश, रंग व पार्श्वभूमी इतकी पालटत ठेवावी की खरे चित्र यंत्रास त्यांतलाच आणखी एक प्रकार वाटावे. दुसरा उपाय थोडी खरी चित्रे मिसळण्याचा. वर उल्लेखिलेल्या प्रयोगात खेळाच्या चित्रांना एका खऱ्या संग्रहातील एकतृतीयांश शिक्षण-चित्रांची जोड दिली, तेव्हा त्या संपूर्ण संग्रहावर शिकविलेल्या यंत्राहून निकाल सरस आला.

ह्याच्या अगदी उलट मार्गही आहे. म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहात १५ प्रकारच्या वस्तू व पृष्ठांची ५,३५४ चित्रे आहेत; त्यांपैकी शिकविण्यासाठी दिलेली सारी निर्दोष नमुन्यांची होत. चांगले कसे दिसते तेवढेच यंत्राने शिकावे आणि वेगळे दिसेल त्याकडे बोट दाखवावे. मात्र वेगळे ते सारेच सदोष नसते. मर्यादा कडक ठेवली तर चांगला माल भंगारात जातो, सैल ठेवली तर वाईट माल ग्राहकाकडे. म्हणूनच सर्किट बोर्डांच्या अनेक कारखान्यांत यंत्राने बाजूला काढलेला नग अखेरच्या निर्णयासाठी पुन्हा तपासनिसाच्या भिंगाखाली येतो.